फाफ्सा दरवर्षी नव्याने: २०२६-२७ च्या बदललेल्या नियमांसह अमेरिकेतील मराठी पालकांसाठी मार्गदर्शक

गणपतीची आरती संपून प्रसाद वाटला जात असतो, तेव्हा मंडळाच्या हॉलच्या एका कोपऱ्यात पालकांचा घोळका हमखास उभा असतो आणि मुलांच्या कॉलेजच्या खर्चाबद्दल बोलणे चाललेले असते. ज्यांची मुले तीन-चार वर्षांपूर्वी कॉलेजला गेली ते सांगतात आणि बाकीचे कान देऊन ऐकतात. तो सल्ला मनापासून दिलेला असतो, पण फेडरल सरकारच्या शैक्षणिक मदतीपुरते बोलायचे तर त्यातला बराचसा भाग आता लागू राहिलेला नाही. ‘दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की कुटुंबावरचा भार निम्मा धरतात’ हे वाक्य अजूनही कानावर येते आणि त्या भरवशावर लोक घरखर्चाची आखणी करतात. तो नियम २०२४-२५ च्या फॉर्मपासून रद्द झालेला आहे.

म्हणून या लेखात माझा आग्रह एकच आहे. फाफ्सा, म्हणजे फेडरल शैक्षणिक मदतीसाठीचा अर्ज, दरवर्षी भरावा लागतो आणि दरवर्षी तो नव्या नियमांखाली भरला जातो, तेव्हा मागच्या वर्षीची उत्तरे किंवा शेजाऱ्यांचा अनुभव समोर ठेवून तो भरू नये. पुढची माहिती मुख्यतः २०२६-२७ या वर्षाची आहे. मात्र वर्षाचे चक्र एकदा नीट समजले की त्यानंतरच्या वर्षांतही काय तपासायचे ते आपोआप कळते.

वर्षाचे चक्र

मदतीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. २०२६-२७ म्हणजे १ जुलै २०२६ ते ३० जून २०२७. या वर्षासाठी उत्पन्न मात्र २०२४ च्या कर विवरणपत्रातले धरतात, म्हणजे दोन वर्षे मागचे. २०२७-२८ च्या फॉर्मला २०२५ चे उत्पन्न लागेल, आणि पुढे तसेच. मुलगी दहावीत, म्हणजे सॉफोमोर असताना जानेवारीत सुरू होणारे वर्ष तिच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मदत ठरवते, ही गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात फार उशिरा येते. त्या वर्षी शेअर विकून मोठा नफा झाला किंवा निवृत्ती खात्यातून पैसे काढले, तर दोन वर्षांनी त्याची नोंद फॉर्मवर उमटते. बचत, गुंतवणूक, दुसरे घर या मालमत्तेचा हिशेब मात्र फॉर्मवर सही करण्याच्या दिवशीचा असतो.

दरवर्षीचे बदल वेगवेगळ्या वेळी येतात. पेल ग्रँट म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत; तिची कमाल रक्कम अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या खर्चातून ठरते. कर्जाचे व्याजदर मे महिन्यात होणाऱ्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या लिलावावरून ठरतात आणि १ जुलैपासूनच्या नव्या कर्जांना लागू होतात. शिक्षण खात्याने एखाद्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपर्यंत अंतिम केलेले नियम साधारणपणे पुढच्या १ जुलैला अमलात येतात. कॉलेजांच्या मदत कार्यालयांसाठी खाते दरवर्षी एक सविस्तर हँडबुक काढते. ते सर्वांना वाचायला खुले आहे, आणि एखाद्या प्रश्नावर दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली तर शेवटचा शब्द त्यातच शोधावा.

फॉर्म खुला होण्याची तारीख गेल्या काही वर्षांत फार डळमळली होती. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या सुलभीकरण कायद्यानुसार नवा फॉर्म २०२४-२५ साठी आला, पण १ ऑक्टोबरऐवजी तो डिसेंबर २०२३ च्या अगदी शेवटी उघडला. पुढच्या वर्षी तो सर्वांसाठी २१ नोव्हेंबर २०२४ ला खुला झाला. त्यानंतर काँग्रेसने १ ऑक्टोबर ही मुदत कायद्यानेच बांधून दिली आणि २०२६-२७ चा फॉर्म २४ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे मुदतीच्या आधीच आला. आपल्याकडे लक्षात ठेवायला सोपे आहे: गणपती विसर्जन झाले की फाफ्साची तयारी सुरू करायची.

फेडरल मुदत २०२६-२७ साठी ३० जून २०२७ आहे, आणि ती पाहून निर्धास्त होणे ही मोठी चूक ठरते. राज्यांची आणि कॉलेजांची मदत बरीच आधी वाटली जाते. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँटसाठी २ मार्च ही तारीख वर्षानुवर्षे महत्त्वाची आहे. न्यू जर्सीच्या ट्युशन एड ग्रँटसाठी आधी ग्रँट मिळालेल्या विद्यार्थ्यांची मुदत १५ एप्रिल आणि नव्यांची १५ सप्टेंबर अशी वेगवेगळी असते. मुलाने अर्ज केलेल्या प्रत्येक कॉलेजची ‘प्रायॉरिटी डेडलाइन’ एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावी. त्यातली सर्वांत आधीची तारीख हीच आपली खरी मुदत.

पात्र कोण

विद्यार्थी अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा आश्रय मिळालेल्यांसारख्या मोजक्या गटांपैकी असावा लागतो. आई-वडिलांचा व्हिसा कोणता आहे याचा मुलाच्या पात्रतेशी काहीही संबंध नाही. वडील एच-१बी वर, आई एच-४ वर आणि मुलगा अमेरिकेत जन्मलेला अशा घरांत ‘आपण नागरिक नाही, आपल्याला काय मिळणार’ म्हणून फॉर्मच भरला जात नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते. मुलगा पूर्णपणे पात्र आहे.

उलट बाजूही स्पष्ट सांगायला हवी. मूल भारतात जन्मलेले असून एच-४ वर असेल आणि कुटुंबाचा ग्रीन कार्डचा अर्ज वर्षानुवर्षे रांगेत असेल, तर केवळ अर्ज प्रलंबित आहे या आधारावर फेडरल मदत मिळत नाही. कार्ड हातात आले की मात्र वाट पाहू नये, चालू वर्षाचा फॉर्म मुदतीत असेल तर लगेच भरावा. पुण्या-मुंबईहून एफ-१ व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्यांना फाफ्सातून काहीही मिळत नाही. त्यांनी कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांकडेच लक्ष द्यावे.

मूल वेगळे राहते किंवा आपण त्याला करविवरणात अवलंबित दाखवत नाही, म्हणून ते ‘स्वतंत्र’ ठरत नाही. २०२६-२७ साठी जन्म १ जानेवारी २००३ पूर्वीचा असणे, विवाह झालेला असणे, पदव्युत्तर शिक्षण घेत असणे, सैन्यसेवा केलेली असणे अशा ठरावीक अटींपैकी एक तरी पूर्ण व्हावी लागते. नाहीतर पालकांची माहिती द्यावीच लागते.

काय काय बदलले

जुना ‘ईएफसी’, म्हणजे कुटुंबाच्या अपेक्षित वाट्याचा आकडा जाऊन त्याच्या जागी ‘एसएआय’, म्हणजे विद्यार्थी मदत निर्देशांक आला. तो उणे १५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. घराला इतकी रक्कम भरावीच लागेल असा त्याचा अर्थ नाही. मदतीचे वाटप करण्यासाठी वापरायचा तो एक क्रमदर्शक आकडा आहे.

दोन मुलांचा नियम इथेच गेला. समजा जुन्या पद्धतीत पालकांचा वाटा २४,००० डॉलर निघाला आणि दोन मुले कॉलेजात असली, तर प्रत्येकाच्या नावावर १२,००० धरले जात. आता दोघांच्याही निर्देशांकात पूर्ण रक्कम मोजली जाते. कॉलेजात किती मुले आहेत हा प्रश्न फॉर्मवर अजून आहे, पण फेडरल सूत्रात त्याचा उपयोग होत नाही. काही खासगी कॉलेजे स्वतःचे पैसे वाटताना हे विचारात घेतात, तेव्हा दुसरे मूल कॉलेजात असल्याचे त्यांना वेगळ्या पत्राने जरूर कळवावे.

घटस्फोटित किंवा विभक्त पालकांपैकी मूल ज्यांच्याकडे अधिक दिवस राहते त्यांची माहिती पूर्वी लागत असे. आता गेल्या बारा महिन्यांत ज्यांनी अधिक आर्थिक आधार दिला त्यांची लागते, आणि त्यांनी पुनर्विवाह केला असेल तर जोडीदाराचीही. आजी-आजोबांनी नातवासाठी उघडलेल्या ५२९ या कॉलेजसाठीच्या बचत खात्यातून दिलेले पैसे पूर्वी विद्यार्थ्याचे उत्पन्न म्हणून धरले जात. तेही आता थांबले आहे.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने यात आणखी भर घातली. पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर आणि किमान ७४० डॉलर आहे. १ जुलै २०२६ पासून ज्याचा निर्देशांक कमाल पेलच्या दुप्पट, म्हणजे १४,७९० किंवा त्याहून अधिक आहे, त्याला पेल मिळणार नाही. इतर ग्रँट आणि शिष्यवृत्त्यांनीच ज्याचा शिक्षणाचा पूर्ण खर्च भागतो त्यालाही ती मिळणार नाही. परदेशात कमावून अमेरिकी करातून वगळलेले उत्पन्न पेल ठरवताना आता मिळवले जाते. भारतात राहून अमेरिकी विवरणपत्र भरणाऱ्या कुटुंबांना हा बदल थेट लागू होतो. दुसरीकडे १०० किंवा त्याहून कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेला कुटुंबाच्या मालकीचा व्यवसाय आणि कुटुंब राहते ती शेती २०२४-२५ पासून मालमत्तेत धरली जाऊ लागली होती, ती २०२६-२७ पासून पुन्हा वगळली गेली. स्वतःचे किराणा दुकान किंवा छोटी आयटी कन्सल्टन्सी चालवणाऱ्या पालकांनी गेल्या वर्षीचा आकडा यंदा डोळे झाकून उतरवू नये, तो यासाठीच.

पेल आपल्याला कधीच मिळणार नाही असे ठरवून टाकण्याआधी एक हिशेब पाहावा. २०२४ साठी चार जणांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा ३१,२०० डॉलर होती. आई-वडील दोघे असलेल्या घराचे समायोजित एकूण उत्पन्न तिच्या १७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५४,६०० डॉलरपर्यंत असेल तर कमाल पेल, आणि २७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८५,८०० डॉलरपर्यंत असेल तर निदान किमान पेल मिळू शकते. नवी १४,७९० ची अट मात्र पाळावी लागते. एकट्या पालकासाठी हेच प्रमाण २२५ आणि ३२५ टक्के आहे. नोकरी गेलेल्या वर्षात किंवा एकाच पगारावर चालणाऱ्या घरात हे आकडे मुळीच दूरचे नाहीत.

खाती आणि नावे

पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर विद्यार्थ्याचे आणि पालकाचे स्वतंत्र खाते उघडणे. दोघांचे ईमेल आणि फोन वेगळे हवेत. मुलाचे खाते वडिलांच्या ईमेलवर उघडून टाकण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि पुढे सहीच्या वेळी तीच आडवी येते. कॉलेजचा पत्ता चार वर्षांनी बदलेल हे धरून मुलाने कायमचा वैयक्तिक ईमेल द्यावा.

नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर टाकावे, कारण सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी ते ताडले जाते. मराठी नावांचा घोळ इथे होतो. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशी आपली पद्धत; पासपोर्टवर पहिली दोन्ही नावे एकाच रकान्यात असतात, तर कार्डावर मधले नाव कधी असते, कधी नुसते आद्याक्षर असते. लग्नानंतर आईच्या पासपोर्टवरचे आडनाव बदलले आणि सोशल सिक्युरिटीत माहेरचेच राहिले, असेही बऱ्याच घरांत आढळते. एका ओळखीच्या घरी रात्री अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा, मुलगा वैतागलेला आणि आई तिसऱ्यांदा तेच नाव टाइप करत होती. बँक लॉकरमधले जुने कार्ड दुसऱ्या दिवशी आणल्यावर कळले की त्यावर आडनाव माहेरचे आहे. म्हणून कार्ड आधी शोधून समोर ठेवावे आणि मगच खाते उघडायला बसावे. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेले पालकही खाते उघडू शकतात. त्यांना माहिती हाताने भरावी लागते, एवढाच फरक.

फॉर्म भरणे

फॉर्मची सुरुवात विद्यार्थ्यानेच करणे सर्वांत सोयीचे. तो आपली माहिती भरून पालकाला निमंत्रण पाठवतो. पालकाला फॉर्मच्या भाषेत ‘कॉन्ट्रिब्युटर’ म्हणतात, आणि हा शब्द वाचून दचकू नये: त्याने माहिती द्यायची असते, पैसे भरण्याची हमी द्यायची नसते. २०२६-२७ पासून निमंत्रणासाठी पालकाचा ईमेल पुरतो. आई-वडिलांनी कर विवरणपत्र संयुक्त भरले असेल तर दोघांपैकी एकानेच पुढे यायचे. वेगवेगळे भरले असेल तर दोघांनीही.

यानंतर संमतीचा पडदा येतो, आणि संपूर्ण फॉर्ममध्ये सर्वांत जास्त जपून वाचावा असा हाच एक पडदा आहे. कर खात्याकडून आपली माहिती थेट फॉर्ममध्ये आणण्यासाठी विद्यार्थी आणि प्रत्येक कॉन्ट्रिब्युटर यांनी संमती द्यावीच लागते. ज्याने विवरणपत्र भरलेले नाही किंवा ज्याचे उत्पन्न भारतातले आहे त्यानेही ती द्यायची असते. एकानेही नकार दिला तर बाकी सगळी माहिती बिनचूक असूनही मुलाला फेडरल मदत, अगदी सरकारी कर्जसुद्धा, मिळत नाही. अनोळखी संकेतस्थळावर ‘नको’ म्हणण्याची आपली सावध सवय एरवी चांगलीच आहे, पण इथे ती मोडावी. संमती दरवर्षी नव्याने द्यायची असते.

कुटुंबाची संख्या लिहिताना घरात राहणारे आणि निम्म्याहून अधिक खर्च आपण उचलतो असे सर्व जण धरतात, पण मदतीच्या संपूर्ण वर्षात ती स्थिती कायम राहणार असेल तरच. आजी-आजोबा ग्रीन कार्डावर आपल्याकडे कायमचे असतील आणि त्यांचा खर्च आपणच करत असू, तर ते मोजावेत; उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले असतील तर नाही.

मालमत्तेच्या भागात राहते घर आणि ४०१-के, आयआरए यांसारखी निवृत्ती खाती विचारत नाहीत, तेव्हा ती कळवूही नयेत. ती आकड्यांत मिसळून स्वतःचेच नुकसान करून घेणारे पालक कमी नाहीत. मुलाच्या नावावरची मालमत्ता सूत्रात २० टक्क्यांनी मोजली जाते, पालकांची त्यापेक्षा बरीच हलकी, जास्तीत जास्त साडेपाच-पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. लहानपणापासून वाढदिवसाचे पैसे मुलाच्या कस्टोडियल खात्यात साठवलेले असतील, तर हा फरक ध्यानात घ्यावा. पालकांनी उघडलेले ५२९ खाते पालकांच्या बाजूला जाते, आणि फक्त अर्ज करणाऱ्या मुलाच्या नावचेच धरतात, भावंडाचे नाही.

वीस कॉलेजांपर्यंत नावे देता येतात. अजून प्रवेश मिळालेला नसला तरी सगळी नावे घालावीत. शेवटी दोघांनीही सही करून ‘सबमिट’ झाल्याचा संदेश येईपर्यंत पडदा बंद करू नये. विद्यार्थ्याचा भाग पूर्ण झाला म्हणजे फॉर्म गेला, असा समज करून घेऊन मुले निघून जातात आणि पालकाच्या सहीविना फॉर्म महिनाभर तसाच पडून राहतो.

हा फॉर्म विनामूल्य आहे. भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे ना एवढे पाहिले तरी बरेच काम होते.

पुण्यातला फ्लॅट, गावचे घर आणि भारतातले उत्पन्न

मराठी कुटुंबांचा गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो. अमेरिकेत राहणाऱ्या पालकांचा पुण्यातला, ठाण्यातला फ्लॅट हे राहते घर नसल्यामुळे गुंतवणूक म्हणून कळवावे लागते. आजचा बाजारभाव, त्यातून त्यावर उरलेले कर्ज वजा, आणि फॉर्म भरण्याच्या दिवसाच्या विनिमय दराने डॉलरमध्ये रूपांतर, असा तो हिशेब आहे. दहा वर्षांपूर्वीची खरेदी किंमत लिहिणे चूक. फ्लॅट भावासोबत निम्म्या-निम्म्या मालकीचा असेल तर आपलाच अर्धा भाग लिहावा. वडिलोपार्जित घराच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर आपले नाव असेल तर आपल्या हिश्शापुरते. आई-वडील हयात असून सर्व काही त्यांच्याच नावावर असेल, तर पुढे वारसा मिळेल या कल्पनेने काही लिहायचे नसते. भारतातल्या बँकांमधल्या मुदतठेवी आणि बचत खाती अमेरिकेतल्या खात्यांसारखीच मोजायची. फ्लॅटचे भाडे आणि ठेवींचे व्याज अमेरिकी विवरणपत्रात दाखवलेले असणे कायद्याने आवश्यक आहेच. फॉर्ममध्ये मालमत्ता आहे आणि विवरणपत्रात तिचे उत्पन्न नाही, अशी विसंगती कधीही ठेवू नये.

आता अमेरिकेत काही वर्षे राहून परतलेल्या कुटुंबांकडे वळू. कोथरूड, बाणेर, ठाणे, नाशिक इथे अशी कितीतरी घरे आहेत जिथे मुलगी अमेरिकी पासपोर्टवर भारतीय शाळेत बारावी करते आहे आणि अमेरिकेतच कॉलेजला जायचे म्हणते. ती नागरिक आहे, म्हणून फाफ्सासाठी पात्र आहे, आणि हे तिच्या शाळेत तिला कोणी सांगत नाही. तिच्या पालकांनी त्यांचा जुना सोशल सिक्युरिटी नंबर वापरून खाते उघडावे, कारण तो नंबर आयुष्यभर तोच राहतो. संमती द्यावी आणि परदेशी विवरणपत्राचा पर्याय निवडून भारतीय आयटीआरमधले आकडे डॉलरमध्ये भरावेत. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने कोणते वर्ष घ्यायचे हा प्रश्न येतो. ज्या आर्थिक वर्षाचे अधिक महिने हव्या त्या कॅलेंडर वर्षात पडतात ते घ्यावे. २०२४ साठी एप्रिल २०२४ ते मार्च २०२५, कारण त्याचे नऊ महिने २०२४ मधले आहेत. स्वतः राहतात तो फ्लॅट इथे राहते घर ठरतो, म्हणून तो कळवायचा नाही. रुपयांतला चांगला पगार डॉलरमध्ये आल्यावर बराच लहान दिसतो, त्यामुळे अशा मुलांना पेल मिळण्याची शक्यता खरीखुरी असते.

फॉर्म गेल्यानंतर

काही दिवसांत ‘सबमिशन समरी’ खात्यात दिसू लागते. त्यात निर्देशांक, पेलचा अंदाज आणि सुधारायच्या गोष्टी असतात. ती नीट वाचावी. नावाची जुळणी, नागरिकत्वाची नोंद किंवा पालकांची सही यांपैकी काही अडले असेल तर ते तिथेच लिहिलेले असते.

काही विद्यार्थ्यांची पडताळणीसाठी निवड होते. तो आरोप नव्हे. कॉलेज विवरणपत्राची कर खात्याकडून मिळणारी प्रत, कुटुंबसंख्येचे पत्रक किंवा ओळखीचा पुरावा मागते, आणि ते पूर्ण होईपर्यंत पैसे अडून राहतात. कागद मागितल्या दिवसापासून आठवड्याच्या आत द्यावेत आणि मिळाल्याची पोच ईमेलवर घ्यावी.

बरीच खासगी कॉलेजे फाफ्साबरोबर ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा फॉर्मही मागतात. त्यात राहत्या घराची किंमत आणि बरेच काही विचारतात, आणि त्याचे नियम प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. दोन्ही फॉर्ममधले मूळ आकडे एकमेकांशी जुळतील याची काळजी घ्यावी.

मदतीचे पत्र आणि कर्ज

कॉलेजकडून येणाऱ्या पत्रात ग्रँट, शिष्यवृत्ती, काम करून मिळवायचे पैसे आणि कर्ज हे सगळे एकाखाली एक मांडून बेरीज दाखवलेली असते. कागद घेऊन त्याचे दोन भाग करावेत: परत करावे लागणार नाहीत ते पैसे, आणि करावे लागतील ते. शिकवणी फी, राहणे-जेवण, पुस्तके आणि प्रवास मिळून होणाऱ्या एकूण खर्चातून फक्त पहिला भाग वजा केला की खरी किंमत दिसते. ज्या पत्राची बेरीज सर्वांत मोठी, ते कॉलेज सर्वांत स्वस्त असतेच असे नाही.

पदवीच्या अवलंबित विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि तिसऱ्यापासून ७,५०० डॉलर असे फेडरल कर्ज मिळते, एकूण मर्यादा ३१,०००. २०२५-२६ मध्ये याचा व्याजदर ६.३९ टक्के होता, पदव्युत्तर कर्जाचा ७.९४ आणि पालकांनी मुलासाठी घ्यायच्या फेडरल प्लस कर्जाचा ८.९४. ज्या वर्षीचे कर्ज त्या वर्षीचा दर शेवटपर्यंत कायम राहतो, म्हणून चार वर्षांच्या चार कर्जांना चार वेगळे दर असू शकतात.

१ जुलै २०२६ पासूनचा सर्वांत मोठा बदल पालकांच्या आणि पदव्युत्तर कर्जांत आहे. पूर्वी पालक प्लस कर्ज मुलाच्या पूर्ण खर्चाइतके घेता येत असे. आता प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर ही मर्यादा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे ग्रॅड प्लस नव्या कर्जदारांसाठी बंद झाले. त्यांना वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर, तर वैद्यकीय, दंतवैद्यक, कायदा अशा व्यावसायिक पदव्यांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर मिळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम ठरवणाऱ्या समितीने मान्य केलेल्या व्यावसायिक पदव्यांच्या यादीत नर्सिंग नव्हते, तेव्हा आपली शाखा कोणत्या गटात मोडते हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजकडून लेखी विचारून घ्यावे. ज्यांचे शिक्षण ३० जून २०२६ ला चालू होते आणि त्याच अभ्यासक्रमासाठी आधी कर्ज घेतलेले होते, त्यांना जुन्या मर्यादा तीन वर्षे किंवा अभ्यासक्रमाचा उरलेला काळ, यांपैकी जे कमी असेल तितके चालू राहतात. अभ्यासक्रम बदलला तर ही सवलत हातची जाऊ शकते. ब्रँच बदलायच्या विचारात असलेल्या मुलाने आधी मदत कार्यालयात जाऊन बोलावे.

मुलाने किती क्रेडिट घेतले यालाही आता अधिक महत्त्व आले आहे. पेल २०२४-२५ पासून क्रेडिटच्या प्रमाणात मिळते. बारापैकी नऊ घेतले तर ७५ टक्के. कर्जही आता अर्धवेळ शिकणाऱ्यांना त्याच प्रमाणात कमी होते. सत्राचा ६० टक्के काळ पूर्ण होण्याआधी मूल कॉलेज सोडून घरी आले, तर मदतीचा न कमावलेला भाग परत जातो आणि कॉलेजचे बिल कुटुंबाच्या अंगावर येते. आजारपणामुळे सत्र सोडावे लागत असेल तर तारीख ठरवण्याआधी कार्यालयाला विचारावे, दोन आठवड्यांच्या फरकाने हजारो डॉलर वाचू शकतात.

परिस्थिती बदलली तर

२०२४ मध्ये दोन पगार होते आणि आता ले-ऑफनंतर एकच आहे, अशी अवस्था असेल तर फॉर्मवर तरीही २०२४ चेच आकडे द्यायचे. त्यात स्वतःहून फेरफार करायचा नाही. मग कॉलेजच्या मदत कार्यालयाकडे ‘प्रोफेशनल जजमेंट’साठी विनंती करायची. नोकरी जाणे, घटस्फोट, पालकाचा मृत्यू, विम्याने न भरलेला दवाखान्याचा मोठा खर्च अशा कारणांवर अधिकारी कागद पाहून आकडे बदलू शकतात. हा अधिकार त्या त्या कॉलेजपुरताच असतो, म्हणून प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज करावा लागतो.

पत्र एका पानाचे असावे. काय घडले, कोणत्या तारखेला, आधी महिन्याला किती येत होते आणि आता किती येते, एवढे आकड्यांत लिहावे. नोकरी संपल्याचे पत्र, शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्त्याची नोंद किंवा दवाखान्याची बिले जोडावीत. मागणे आपल्याला संकोचाचे वाटते. घरची अडचण चारचौघांत सांगू नये असे आपल्यावर संस्कार आहेत आणि त्यामुळे पात्र घरेही गप्प राहतात. हा मार्ग कायद्यानेच ठेवलेला आहे आणि तो सर्वांसाठी आहे. पहिल्या पत्राला तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर फोन करावा, आणि ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांचे नाव आणि तारीख वहीत टिपून ठेवावी.

हीच वही पुढच्या वर्षी उपयोगी पडते. तिच्यात खात्यांचे वापरनाव, सही केलेली तारीख, त्या दिवशीचा विनिमय दर, फ्लॅटचा धरलेला भाव आणि तो कशावरून धरला, कॉलेजांच्या मुदती आणि समरीतला निर्देशांक एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचा नवा फॉर्म खुला होईल तेव्हा मुलाची आणि पालकाची संमती पुन्हा द्यायची आहे, उत्पन्नाचे वर्ष एकाने पुढे सरकलेले आहे आणि फ्लॅटचा भाव नव्याने काढायचा आहे.